स्वयंभूंचे जनक

हिंगोलीच्या टापूंत गुरूवांचून मिळविलेल्या विद्येची गोष्ट निघाली कीं ऐकणाराच्या मनांत एक जुनी कथा आपोआप जागी होते. नरसी-बामणी हें नामदेवांचें जन्मग्राम मानलें जातें; औंढा नागनाथ तेथून फार दूर नाहीं. गोरोबाकाकांनीं संतमंडळींच्या मस्तकांवर थापटणें मारून कोणतें मडकें भाजलें आहे व कोणतें कच्चें आहे याची परीक्षा केली. तींत प्रत्यक्ष विठ्ठलाशीं बोलणारे नामदेव कच्चे ठरले. आणि मग 'निगुरा' हा शब्द जिव्हारीं लागून ते औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेले, ही ती कथा. इतिहास या नात्यानें तिचें मोल काय, हा प्रश्न येथें अप्रस्तुत आहे. आम्हांस तिचें स्मरण होतें तें एवढ्याचकरितां कीं, गेल्या साठ-पासष्ट वर्षांत महाराष्ट्रांत अशी एक विद्या रुजली कीं जिचे बहुतेक पहिले उपासक निगुरे होते, आणि या निगुरेपणाची त्यांना लाज तर नव्हतीच, उलट पुढें पुढें त्याचा अभिमान वाटूं लागला. ती विद्या म्हणजे संगणकास आज्ञा लिहून देण्याची विद्या, म्हणजेच प्रोग्रॅमिंग. मराठींत प्रोग्रॅमला 'आज्ञावली' असा बरा शब्द आहे. तो आम्ही पुढें वापरणार आहों.

हिंगोलीच्या पश्चिमेस सेनगांव हें तालुक्याचें गांव आहे. कापूस, सोयाबीन, तूर आणि हळद यांवर जगणारा हा मुलूख. रेल्वे त्याला शिवत नाहीं. या गांवांतील एखाद्या शेतकऱ्याच्या मुलानें किंवा मुलीनें, पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयाची पायरी न चढतां, आपल्या आपण आज्ञावलीकार व्हावें असें मनांत आणलें, तर तें साधेल काय? 'मनांत असलें म्हणजे सर्व साधतें' हें उत्तर हल्लीं व्यासपीठाव्यासपीठावरून ऐकूं येतें. आम्हांस तें पटत नाहीं. खोटें आहे म्हणून नव्हे, तर अर्धें आहे म्हणून. ज्या स्वयंशिक्षित पुरुषांचीं नांवें अशा वेळीं पुढें केलीं जातात, त्यांच्या हाताशीं काय काय होतें आणि तें तेथें कोणीं आणून ठेविलें होतें, याची चौकशी केल्यावांचून त्या नांवांवरून कोणताच निष्कर्ष काढतां येत नाहीं. प्रस्तुत लेखांत ती चौकशी करण्याचा विचार आहे.

ही विद्या कशी असते हें सांगण्यासाठीं देवळालीच्या एका शाळामास्तरांचें उदाहरण घेऊं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे १९२९ सालीं मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शिक्षक होते. संशोधनाची पदवी नाहीं, पंडितांच्या वर्तुळांत फारसा मान नाहीं. तरी आंकड्यांशीं खेळतां खेळतां त्यांनीं एक चमत्कार शोधून काढला. कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी, मात्र तिचे चारहि अंक सारखे नसावेत. ते अंक एकदां उतरत्या क्रमानें व एकदां चढत्या क्रमानें मांडावे, आणि मोठ्या संख्येंतून लहान वजा करावी. बाकीवर पुन्हां तीच कृति करावी. फार तर सात वेळां असें केलें कीं ६१७४ ही संख्या येते आणि मग ती हालत नाहीं. हिंगोली जिल्हा परभणींतून वेगळा झाला तें वर्ष १९९९. तेंच घेऊन पाहूं. ९९९१ मधून १९९९ वजा जातां ७९९२; पुढें ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, आणि सहाव्या खेपेस ६१७४. कापरेकरांचें नांव परदेशीं सर्वतोमुखीं झालें तें १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें तेव्हां. आज जगभर आज्ञावली लिहावयास शिकणाऱ्या नवशिक्यांना हें उदाहरण अभ्यासासाठीं घालतात.

आतां हीच कृति यंत्राकडून करवून घ्यावयाची आहे असें समजा. शहाण्या माणसाला वरील चार वाक्यें पुरतात. यंत्राला पुरत नाहींत. २१११ ही संख्या घ्या. २१११ मधून १११२ वजा केले तर बाकी ९९९. माणूस विचार न करतांच म्हणतो, 'चार अंक हवेत, तेव्हां ०९९९ समजावे', आणि पुढें जातो: ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, ८५३२ आणि ६१७४. यंत्राला तें शून्य राखण्यास कोणीं सांगितलेलें नसतें. त्याच्या लेखीं ९९९ मध्यें तीनच अंक, ते उलटसुलट कसेहि मांडले तरी ९९९, वजाबाकी शून्य. नवशिक्याच्या पडद्यावर ६१७४ ऐवजीं ० उमटतें. शून्य कोठें गळालें हें शोधण्यांत त्याची एक संध्याकाळ जाते. परंतु ती संध्याकाळ संपते तेव्हां, आपण मनांतल्या मनांत किती गोष्टी न सांगतां गृहीत धरीत असतों, हें त्याला जसें कळलेलें असतें तसें कोणत्याहि प्राध्यापकानें शंभर तास बोलून कळविलें नसतें. आम्ही हें प्राध्यापक असून लिहीत आहों, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें.

या विद्येंत गुरूवांचून पुष्कळसें चालतें त्याचें कारण हेंच. गाण्यांत सूर चुकला कीं चुकला हें सांगावयास जाणता कान लागतो. येथें यंत्रच क्षणांत सांगतें, आणि तेंहि रागलोभावांचून. गोरोबांचें थापटणें प्रत्येकाच्या टेबलावर येऊन बसलें, असें म्हणा ना. परंतु थापटणें मडकें कच्चें आहे एवढेंच सांगतें. तें भाजावें कसें हें सांगत नाहीं.

कापरेकरांचाच आणखी एक विचार येथें उपयोगी पडेल. एखाद्या संख्येंत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली कीं नवी संख्या जन्मास येते. जसें, १५ मध्यें १ आणि ५ मिळविले कीं २१. या अर्थीं १५ ही २१ ची जनक. पण कांहीं संख्यांना असा जनकच नसतो. २० घ्या: अशा रीतीनें २० देणारी एकहि संख्या सांपडत नाहीं. कापरेकरांनीं अशा संख्यांचा निराळा वर्ग केला. मराठींत त्यांस स्वयंभू संख्या म्हणावें. यांत गंमत अशी कीं, एखादी संख्या स्वयंभू आहे असें म्हणण्यापूर्वीं तिच्याखालच्या साऱ्या संभाव्य जनकांना एकेक करून तपासावें लागतें. माणसांच्या बाबतींत ही तपासणी सहसा कोणी करीत नाहीं.

ती करावयाची तर प्रथम जुन्या मंडळींस नमस्कार केला पाहिजे. आपल्याकडे गणितकर्म करणाऱ्यांत पदवीवांचून मोठे झालेले पुरुष कमी नाहींत. केरो लक्ष्मण छत्रे कुलाब्याच्या वेधशाळेंत काम करीत करीत ज्योतिष शिकले. त्यांचीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' १८६० सालीं निघालीं. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शाळाखात्यांतले शिक्षक. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ चा. व्यंकटेश बापूजी केतकर हेहि शिक्षकच. पण छत्र्यांच्या हाताशीं सरकारची वेधशाळा होती आणि तिघांच्याहि पाठीशीं पंचांगकर्त्यांची शेंकडों वर्षांची गणना होती. असो, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

महाराष्ट्राच्या भूमीवर संगणक बांधणारी पहिली मंडळी जमली ती मुंबईस, होमी भाभांनीं १९४५ सालीं स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत. १९५४ च्या सुमारास तेथें रंगस्वामी नरसिंहन आले. ते अमेरिकेंत शिकलेले. त्यांच्या हाताखालचीं तरुण मुलें मात्र बहुतेक येथल्याच महाविद्यालयांतून पदार्थविज्ञान वगैरे विषय घेऊन आलेलीं. संगणक त्यांच्यापैकीं जवळजवळ कोणीं पाहिलेला नव्हता, मग तो शिकविणारा तरी कोठून असणार? त्यांनीं परदेशीं नियतकालिकें वाचलीं, आधीं एक लहान नमुना बांधला, आणि मग पूर्ण यंत्र बांधावयास घेतलें. १९६० सालीं तें चालूं झालें. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मृति होती ती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा. वाचकांस कल्पना यावी म्हणून सांगतों, हा जो लेख आपण वाचीत आहां तो आजच्या रीतीनें संगणकांत सांठविला तर त्या सबंध यंत्रांत त्याचा चतुर्थांशहि मावला नसता.

या मंडळींना स्वयंशिक्षित म्हणावयास आम्ही तयार आहों. यंत्र बांधतां बांधतांच त्यांनीं त्याच्यासाठीं आज्ञा लिहावयास शिकून घेतलें. बांधणारा आणि लिहिणारा हे दोन निराळे धंदे आहेत ही कल्पना तेव्हां रूढ व्हावयाची होती. पण त्यांचा जनक शोधूं गेलें तर तो लपलेला नाहीं. राष्ट्राच्या तिजोरींतून पैसा येत होता, भाभांसारखा पुरुष तो आणीत होता, आणि एखाद्या तरुणानें चार महिने चुका करण्यांत घालविले तर त्याचा पगार कापला जात नव्हता. चुका करण्याची फुरसत हें स्वयंशिक्षणाचें पहिलें भांडवल. आणि तें गरिबाच्या घरीं सर्वांत दुर्मिळ असतें.

पुढचा काळ आम्ही भराभर सांगतों. १९६४ सालीं त्याच संस्थेंत अमेरिकेंतून सी.डी.सी. ३६०० हें मोठें यंत्र आलें. तेल-कंपन्या, विमा-महामंडळ, गिरण्या यांच्या कचेऱ्यांत आय.बी.एम. चीं यंत्रें येऊं लागलीं आणि कारकुनांच्या संघटनांनीं त्यांना कडवा विरोध केला. त्या विरोधास आज हंसण्याची चाल आहे; पण ज्याची भाकरी जाणार तो ओरडला तर त्यांत हंसण्यासारखें काय आहे हें आम्हांस कळत नाहीं. टाटांची सल्लागार संस्था टी.सी.एस. १९६८ सालीं मुंबईस निघाली. इन्फोसिस १९८१ सालीं पुण्यास स्थापन झाली, मागाहून ती बंगळूरास गेली. या साऱ्यांना माणसें हवीं होतीं आणि संगणकाची पदवी तर अजून बाजारांत आलीच नव्हती. तेव्हां स्थापत्य, यंत्र, वीज, रसायन, गणित, जो कोणी हुशार सांपडेल तो घ्यावा आणि कामावर बसवून तयार करावा अशी रीत पडली. सोलापूरचे अच्युत गोडबोले १९७२ सालीं मुंबईच्या आय.आय.टी. मधून बाहेर पडले ते रसायन-अभियांत्रिकी घेऊन. पुढें ते मोठमोठ्या सॉफ्टवेअर-कंपन्यांचे प्रमुख झाले, संगणकशास्त्राचीं इंग्रजी पाठ्यपुस्तकें त्यांनीं लिहिलीं, आणि मराठींत 'संगणकयुग' लिहिलें. ज्यानें ही विद्या वर्गांत घेतली नाहीं त्यानेंच तिचीं वर्गांतलीं पुस्तकें लिहावीं, हें त्या पिढींतच शक्य होतें.

कारण दार लवकरच बंद होऊं लागलें. १९८३ सालीं वसंतदादा पाटलांच्या सरकारनें विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिली. गांवोगांव महाविद्यालयें उभीं राहिलीं, संगणकाच्या पदव्या निघाल्या, आणि ज्याच्या बापापाशीं देणगी भरण्याची ऐपत होती त्याच्या मुलाला पदवीचा मार्ग खुला झाला. एकदां पदवीधर मुबलक झाले कीं कंपन्या पदवीच मागूं लागतात. आणि काल ज्यांनीं स्वतः पदवीवांचून हें काम उचललें होतें तेच आज मुलाखतीस बसून उमेदवाराची पदवी विचारूं लागले. यांत कोणाचा दुष्टपणा नव्हता. अर्जांचा ढीग पडला कीं चाळणी लागते, आणि पदवी ही सर्वांत स्वस्त चाळणी आहे.

या चाळणीखालीं जे सांडले त्यांच्यासाठीं दोन गोष्टी झाल्या. पहिली, १९८४ च्या धोरणानें संगणक आयात करणें सुकर झालें, खाजगी शिकवणीचे वर्ग शहरोशहरीं निघाले, आणि यंत्र तासाच्या भाड्यानें मिळूं लागलें. दुसरी अधिक महत्त्वाची. नागपूरचे यशवंत कानेटकर यांनीं 'लेट अस सी' नांवाचें पुस्तक लिहिलें. सी ही आज्ञावलीची भाषा अमेरिकेंत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९७०-७२ च्या सुमारास जन्मली. तिचा मूळ ग्रंथ १९७८ चा, अत्यंत आटोपशीर, आणि म्हणूनच नवशिक्याला अत्यंत कठीण. कानेटकर स्वतः मुंबईच्या व्ही.जे.टी.आय. चे व कानपूरच्या आय.आय.टी. चे शिकलेले, परंतु त्यांनीं लिहिलें तें, समोर बसलेल्या मुलाला इंग्रजी बेताचें येतें आणि विचारावयास जवळ कोणी नाहीं, हें धरून. लहान वाक्यें, एकेक ओळ सोडवून दाखविलेली आज्ञावली, प्रकरणाच्या शेवटीं भरपूर प्रश्न. पंधरांहून अधिक आवृत्त्या निघालेलें हें पुस्तक साऱ्या हिंदुस्थानांत पसरलें. विद्वानांनीं त्याच्यांत दोष काढले, आणि त्यांतले कांहीं खरे आहेत: पुस्तक बरींच वर्षें 'टर्बो सी' या एकाच जुन्या साधनाला धरून बसलें आणि आपल्या महाविद्यालयांनीं तें निळ्या पडद्याचें साधन जगानें टाकून दिल्यावरहि पुष्कळ वर्षें सोडलें नाहीं. तरी आम्ही म्हणतों कीं, महाराष्ट्रांतल्या स्वयंशिक्षित आज्ञावलीकारांची शिरगणती केली तर त्यांतल्या पुष्कळांचा जनक नागपुरास सांपडेल. पुस्तक हाहि गुरूच. फक्त तो उठून जात नाहीं आणि दुसऱ्यांदा विचारलें म्हणून चिडत नाहीं.

याच काळांतली सातारा जिल्ह्यांतून पुण्यास आलेल्या काटकर बंधूंची हकीकत सर्वश्रुत आहे. पण ती सांगतांना तिच्यांतली खुबी बहुधा निसटते. थोरले कैलास काटकर कॉलेजास गेले नाहींत. पुण्यास कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याचें काम ते शिकले, मग स्वतःचें दुकान काढलें, आणि हळूहळू संगणकहि दुरुस्त करूं लागले. धाकटे संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांत व्हायरस भरलेले असत. ते काढण्यासाठीं संजय यांनीं आज्ञावल्या लिहिल्या, आणि त्यांतून १९९५ सालीं 'क्विक हील' बाहेर पडलें. २०१६ सालीं त्या कंपनीचे समभाग शेअरबाजारांत आले. लोक म्हणतात, दहावी शिकलेला मुलगा कोठें गेला पाहा! खरें आहे. पण आमचें लक्ष जातें तें दुकानाकडे. थोरल्याचें दुकान ही धाकट्याची प्रयोगशाळा होती. व्हायरसांचे जिवंत नमुने रोज दारीं चालत येत होते, आणि थोरला कमावीत होता म्हणून धाकट्यास शिकावयास फुरसत होती. टिफ्रॅकच्या मंडळींना जें राष्ट्रानें दिलें तें येथें भावानें दिलें.

आतां सरकारकडे वळूं. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ सालीं स्थापन झालें आणि त्याचा एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पोंचला. लक्षावधि माणसांनीं, त्यांत गृहिणी, शिक्षक, तलाठी सारे आले, मराठींतून संगणकाशीं ओळख करून घेतली. ही लहान गोष्ट नव्हे. सरकारी नोकरीस हें प्रमाणपत्र लागूं लागल्यानें त्याला गर्दीहि लोटली. परंतु या अभ्यासक्रमाचा हेतु यंत्र वापरावयास शिकविणें हा होता; यंत्रास नवी आज्ञा लिहून देणें हा नव्हे. एकोणिसाव्या शतकांत एखाद्या शाळेनें मुलांस नुसतें वाचावयास शिकवून लेखणी हातांत दिली नसती, तर तींतून वाचक निघाले असते, ग्रंथकार निघाला नसता. खेड्यासाठीं वापरणें आणि शहरासाठीं लिहिणें अशी ही वांटणी कोणीं ठरवून केली नाहीं. पण पडली ती तशी पडली. त्याच वर्षांत मराठवाड्यांत भारनियमन असे. खेड्यांत दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे. विजेवांचून यंत्र नाहीं, आणि यंत्रावांचून तें थापटणेंहि नाहीं.

भाषेचा प्रश्न मात्र अधिक खोल आहे, आणि मराठवाड्यानें तो पूर्वीं एकदां सोसलेला आहे. १९४८ पर्यंत हिंगोली निजामाच्या राज्यांत होती. त्या राज्यांत १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें आणि त्यानें सर्व उच्च शिक्षण, वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धां, उर्दूंतून देण्याचा प्रयोग केला. त्यासाठीं भाषांतराचें स्वतंत्र खातें होतें. पारिभाषिक शब्द घडविणाऱ्या समित्या होत्या. हिंदी भाषांतून शास्त्र शिकवितां येत नाहीं म्हणणाऱ्यांस तें सडेतोड उत्तर होतें, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. पण सेनगांवच्या मराठी मुलास त्याचा काय उपयोग? त्याची भाषा ती नव्हती. शास्त्र देशी भाषेंत आलें, तरी त्याच्या घरीं आलें नाहीं. पुढें राज्य बदललें आणि उर्दूच्या जागीं इंग्रजी आली. इकडे मुंबईस तर त्याच्याहि शंभर वर्षें आधीं जॉर्ज जर्व्हिस यांनीं जगन्नाथशास्त्री क्रमवंतांच्या साह्यानें गणिताचे ग्रंथ मराठींत उतरविले होते आणि अभियांत्रिकीचे पहिले पाठ देशी भाषांतून दिले होते. ती वाट मोडली. कां मोडली हें सांगूं लागलों तर ग्रंथ होईल.

आज्ञावलीच्या बाबतींत इंग्रजी आडवी येते म्हणजे नेमकी कोठें येते, हें नीट पाहिलें पाहिजे. आमच्यासारख्या इंग्रजींतून शिकलेल्यांस तें चटकन दिसत नाहीं. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणित रूपांत राखीव शब्द अवघे ३२. 'इफ', 'एल्स', 'व्हाइल' असे ३२ शब्द सेनगांवचा मुलगा दोन दिवसांत पाठ करील. पाढे पाठ करणाऱ्यास तें काय जड? अडचण राखीव शब्दांत नाहीं. ती चुकीच्या निरोपांत आहे. आज्ञावली चुकली कीं यंत्र जें सांगतें तें इंग्रजींत सांगतें, आणि तेंहि वकिली थाटाच्या इंग्रजींत. थापटण्याचा आवाज येतो, पण तो काय म्हणतो तें कळत नाहीं. मराठी अक्षर यंत्रांत नीट उमटूं लागलें तेंहि उशीरानेंच. मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कानपुरांत आरंभिलेलें व पुढें पुण्याच्या सी-डॅकमध्यें वाढविलेलें काम, १९८८ व १९९१ च्या इस्की संकेतावल्या, त्यांवरून युनिकोडांत देवनागरीस मिळालेली जागा, आणि र. कृ. जोशी यांनीं घडविलेला 'मंगल' टंक, या एकेका पायरीनें तें घडलें. यांतल्या कोणाचें नांव त्या मुलानें ऐकलेलें नसतें. जनक असेहि असतात.

भाषेची ही अडचण थेट हातीं घेणारा जो प्रयत्न आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो मुंबईच्या आय.आय.टी. मधला, प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखालीं चाललेला, 'स्पोकन ट्यूटोरियल' हा उपक्रम. हे गृहस्थहि रसायन-अभियांत्रिकीचेच. सुमारें दहा दहा मिनिटांचे पाठ. पडद्यावर प्रत्यक्ष यंत्र चालत असतें आणि कानांवर मराठी, हिंदी, तमिळ अशी ज्याची त्याची भाषा पडते. पडदा इंग्रजीच ठेविला आहे, कारण कामावर गेल्यावर पडदा इंग्रजीच असणार. समजूत मात्र मराठींत होते. पाठ ऐकत असतांनाच शेजारीं तीच कृति स्वतः करावयाची, अशी योजना. आणि ज्याला विषय मुळींच ठाऊक नाहीं अशा नवशिक्याकडून प्रत्येक पाठ आधीं तपासून घेतात. शिक्षक समोर नसणार हें धरूनच शिकवावयाचें, हें कानेटकरांचें तत्त्व येथें पुन्हां भेटतें. २०२१ सालीं तंत्रशिक्षण परिषदेनें देशी भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास मुभा दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयानें संगणक-अभियांत्रिकीचा वर्ग मराठींतून काढला. याबद्दल आनंद आहे; पण तें पुन्हां पुण्याजवळ, आणि पुन्हां पदवीच्या चाळणीच्या वरच्या बाजूस. सेनगांवच्या घरीं पोंचतो तो दहा मिनिटांचा पाठ.

१९९१ पासून लिनक्ससारखीं मोफत साधनें मिळूं लागलीं. आज चोरीची प्रत बाजारांतून आणण्याचें कारण उरलें नाहीं. मोबाइल घरोघर आला आहे, जरी मोबाइलवर आज्ञावली लिहिणें म्हणजे सुईनें विहीर खणणें आहे. आणि २०२२ च्या अखेरीपासून एक अगदीं नवी वस्तु आली: मराठींत विचारलें तर मराठींत उत्तर देणारें, चुकीच्या निरोपाचा अर्थ फोड करून सांगणारें, आणि सांगितल्यास सबंध आज्ञावलीच लिहून देणारें यंत्र. पहिल्या दोन गुणांबद्दल आम्ही त्याचें स्वागत करतों. ज्या भिंतीशीं इतकीं वर्षें मुलें थांबलीं तिला त्यानें दार पाडलें आहे. तिसऱ्या गुणाचें आम्हांस भय वाटतें. २१११ चें शून्य कोठें गळालें हें तें यंत्र एका निमिषांत सांगतें, न विचारतांहि दुरुस्त करून देतें, आणि मुलाची ती संध्याकाळ वांचते.

वांचलेल्या संध्याकाळीं तो काय करतो, हें सेनगांवांत एक आणि पुण्यांत एक असें असण्याचा संभव आहे. पुण्याच्या मुलास वर्गांत प्राध्यापक पुन्हां अडवील, कंपनींत वरिष्ठ अडवील, मित्र खोडी काढून विचारील कीं तुझें शून्य कां टिकलें. सेनगांवच्या मुलास अडविणारें आजवर एकच होतें, तें यंत्र. आणि आतां तें अडवीनासें झालें आहे. तालुक्याच्या गांवांत संगणकाचें सामान विकणारे, दुरुस्त करणारे, एम.एस.-सी.आय.टी. चीं केंद्रें चालविणारे आहेत. त्यांपैकीं एखाद्यानें आठवड्यांतून एक संध्याकाळ दुकानाची एक बाजू मोकळी ठेवावी, चार मुलांनीं तेथें बसून एकमेकांच्या आज्ञावल्या वाचाव्या, आणि 'हें असें कां?' एवढेंच एकमेकांस विचारावें, एवढें झालें तरी पुष्कळ होईल. खर्च विजेचा आणि चहाचा.